चवदार तळ्याआधीची तीन वर्षे

महाडचे नाव काढले की आपल्याला एकच दिवस आठवतो, २० मार्च १९२७. बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीने पाणी पितात आणि त्यांच्यामागून हजारो माणसे तेच करतात. हे चित्र घराघरांत आहे, विहाराविहारांत आहे आणि ते तसे असायलाच हवे. पण दरवर्षी तेवढेच पाहत राहिले की मनात एक समजूत घट्ट होते. महापुरुष आला, त्याने इतिहास घडवला, आपण वंदन केले की आपले काम संपले. ही समजूत धम्माच्या उलट जाते आणि महाडला जे घडले त्याच्याही उलट जाते. बौद्ध म्हणून जगायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर मला त्या ओंजळीच्या आधीच्या तीन वर्षांत सापडते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही त्याला धरून चवदार तळे खुले केले. कागदावर हक्क आला. तरी पुढची तीन वर्षे त्या तळ्यात कुणा अस्पृश्याची घागर बुडाली नाही. लोक भित्रे होते म्हणून असे झाले, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे, ज्याच्या दारातून गावकीच्या कामाचे दाणे आणायचे, ज्याच्या दुकानातून मीठमिरची घ्यायची, तोच तळ्याच्या काठावर उभा होता. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर पाण्याला हात लावायचा म्हणजे उद्याची चूल पणाला लावायची. ठरावाने हा हिशेब बदलत नाही. तो बदलायला कुणालातरी घरोघरी जावे लागते.

ते काम ज्यांनी केले त्यांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे पहिले. जन्म १९०३ चा. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून तक्रार केली आणि प्रवेश मिळवला. शाळेचे दार स्वतःसाठी उघडून घेतलेला हा मुलगा विशीत आल्यावर गावासाठी धडपडू लागला. कुलाबा जिल्ह्यातल्या बहिष्कृतांची परिषद महाडला भरवायची आणि तिला बाबासाहेबांना आणायचे, हा त्याने ध्यास घेतला. मुंबईला जायचे, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांना गाठायचे, परत यायचे, गावोगाव बैठका घ्यायच्या, पलटणीतून निवृत्त झालेल्या पेन्शनरांना विश्वासात घ्यायचे, धान्य आणि पैसे जमवायचे. त्या काळी हा मुलूख पायीच हिंडावा लागे. एका बैठकीने माणूस तयार होत नाही, दुसरीनेही होत नाही. साधारण तीन वर्षे ही खटपट चालली होती. सोबत अनंतराव चित्रे होते आणि महाडचे नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस होते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली, तेव्हा मांडवात जमलेल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. १९२७ सालचे चाळीस रुपये! खुल्या तळ्याच्या गावात, नगरपालिकेचा ठराव हाताशी असताना. दुसऱ्या दिवशी ठराव संपले, आभार मानण्याची वेळ आली. लोक आता गावाकडे परतणार होते. तेवढ्यात चित्रे उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना आठवण करून दिली की तळे खुले आहे आणि तिथे जाऊन पाणी पिण्याचे काम अजून राहिले आहे. मिरवणूक निघाली. ते वाक्य उच्चारायला क्षणभर लागला असेल, पण ते ऐकून उठणारी माणसे मात्र तीन वर्षांत तयार झाली होती. आधीचे हिंडणे नसते, तर मांडवातल्या टाळ्यांपलीकडे काही झाले नसते.

दुसऱ्याला उभारी देणे म्हणजे काय, हे मला इथे कळते. भाषणाने क्षणभर रक्त सळसळते आणि घरी पोचेपर्यंत थंड होते. उभारी देणारा माणूस दुसऱ्याच्या भीतीचा हिशेब समजून घेतो, त्यातला आपल्याला उचलता येईल तेवढा भार उचलतो आणि मग म्हणतो, चल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी पुन्हा परिषद भरली, तेव्हा महाडचे व्यापारी माल देणार नाहीत हे ओळखून धान्यसामग्री आधीच साठवून ठेवली होती. मांडवाला हिंदूंकडून जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तांदळाचे पोते आणि मांडवाची जागा यांनी जी हिंमत दिली ती कुठल्याही घोषणेने दिली नसती.

मार्चमध्ये पाणी पिऊन झाल्यावर काय घडले, त्याकडेही नीट पाहिले पाहिजे. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा गावात उठली आणि परतीच्या तयारीत असलेल्या माणसांवर जमाव चालून गेला. मांडवातले अन्न मातीत कालवले गेले, माणसे रक्तबंबाळ झाली, काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. डाकबंगल्यात बाबासाहेबांभोवती जमलेल्यांत पलटणीत नोकरी केलेले कितीतरी जण होते. त्यांना हत्यार कसे धरायचे हे शिकवावे लागणार नव्हते. एका शब्दाची खोटी होती. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी लोकांना शांत ठेवले आणि प्रकरण कायद्याच्या वाटेने नेले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या.

अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला आहे. न उपजलेला अकुशल विचार उपजू द्यायचा नाही, उपजलेला सोडायचा, न उपजलेला कुशल विचार जागवायचा आणि जागलेला वाढवत न्यायचा, असे चार प्रकारचे कष्ट त्यात येतात. विहारात आपण हे पाठ म्हणतो आणि मनातल्या मनात ध्यानाला बसलेला भिक्षू पाहतो. मला त्या संध्याकाळचा डाकबंगला दिसतो. डोक्यातून रक्त येत असताना उठलेली मूठ खाली घेणे हा सम्यक व्यायाम आहे, आणि तो तळ्यापर्यंत चालत जाण्याइतकाच अवघड आहे. त्या माणसांनी अजून दीक्षा घेतलेली नव्हती. नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ अजून साडेएकोणतीस वर्षे दूर होती.

माझा मुद्दा याच तारखांशी येऊन थांबतो. बौद्ध ग्रंथांत पाच बलांची मोजदाद श्रद्धेपासून सुरू होते. आधी श्रद्धा, मग वीर्य, म्हणजे न थकता केलेला उद्यम, मग स्मृती, समाधी आणि शेवटी प्रज्ञा. महाडच्या माणसांच्या बाबतीत हा क्रम फिरला. त्यांच्याकडे आधी उद्यम आला, श्रद्धा नंतर आली. त्यांनी आधी मेलेल्या जनावराचे मांस टाकले, शिळ्या तुकड्यांची मागणी सोडली, पाण्याला हात लावला, मार खाल्ला, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्यानंतर, कैक वर्षांनी, त्यांनी ज्या धम्माला शरण जायचे ठरवले तो त्यांच्या कष्टांशी जुळणारा होता. म्हणून इथली श्रद्धा पूजेतून सुरू झालेली नाही, आणि नुसत्या पूजेवर ती टिकणारही नाही. जिथे काम थांबते तिथे आपली श्रद्धा नुसते नाव म्हणून उरते. हे मी कुणाला दुखावायला लिहीत नाही. मेणबत्ती लावणाऱ्या आईच्या हातांबद्दल मला आदर आहे. पण त्या हातांनी आधी काय काय केले आहे, ते नातवंडांना सांगितले नाही तर त्यांना मेणबत्तीच वारशात मिळेल.

उद्यमाची ही ओढ महाडच्या मातीत १९२७ च्याही आधीची आहे. तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त होऊन आले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. १९०० मध्ये ते गेले. त्यांनी पेरले ते त्यांच्या हयातीत फारसे उगवले नाही. १९२७ नंतरचा काळही तसाच चिकाटीचा. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये कोर्टाने मनाईहुकूम काढला आणि सत्याग्रहासाठी नावे नोंदवून आलेल्या हजारो माणसांना पाणी न पिता परतावे लागले. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये बाजूने लागला, ठाण्याचे अपील १९३३ मध्ये निकालात निघाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा शब्द १७ मार्च १९३७ ला दिला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे. या दहा वर्षांना आपल्याकडे जयंती नाही.

डिसेंबरच्या परिषदेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मनुस्मृतीचे दहन सगळ्यांना ठाऊक आहे. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने तो ठराव मांडला, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण त्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. त्यांनी मोक्षाचे, क्रांतीचे काही सांगितले नाही. लुगडे कसे नेसावे, अंगावरच्या जातीची खूण सांगणाऱ्या जुन्या गोष्टी कशा टाकाव्यात, घर कसे स्वच्छ ठेवावे, नवऱ्याने किंवा मुलाने मेलेल्या जनावराचे मांस घरात आणले तर ते कसे नाकारावे, मुलींना शाळेत का घालावे, हे सांगितले. कित्येक बायकांनी तिथल्या तिथे नेसण्याची पद्धत बदलली आणि नव्या रीतीने नेसून परिषदेत वावरल्या. ज्या बाईला उद्या सकाळी गावात त्याच वाटेने जायचे आहे, तिच्यासाठी लुगड्याची ती नवी नेसण लहान गोष्ट नव्हती. उभारी द्यायची असेल तर समोरच्याच्या हातात आज, आत्ता करता येईल असे काहीतरी ठेवावे लागते. जमणार नाही इतके मोठे सांगितले की माणूस मान डोलावतो आणि उठून जातो.

आता एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतलाच पाहिजे. प्रयत्न करा, कष्ट करा, हे गरिबाला सांगणे फार सोपे आहे. भूमिहीन माणसाला, कंत्राटी कामगाराला, दोन कामे करून पोर शिकवणाऱ्या बाईला आणखी प्रयत्न कर असे म्हणणे म्हणजे तिच्या हालांचा दोष तिच्याच पदरात घालणे. आजकाल यशाची व्याख्याने देणारे हेच करतात आणि लोकांकडून त्याचे पैसेही घेतात. धम्म या भाषेत बोलत नाही. मक्खली गोसाल हा बुद्धाच्या काळचा आचार्य म्हणे की माणसाच्या बळाला, उद्यमाला काही अर्थ नाही, सगळे ठरलेले आहे. बुद्धाने त्याच्या मताला सर्व मतांत निकृष्ट ठरवले, कारण ते माणसाचे हातपाय बांधते. पण म्हणून बुद्धाने दुबळ्याला चाबूक दाखवला नाही. सोण नावाचा भिक्षू चंक्रमण करून करून पाय रक्ताळून बसला आणि सगळे सोडून घरी जावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणा वाजवत असे. बुद्धाने त्याला वीणेच्याच तारांची आठवण दिली. फार ताणलेली तार वाजत नाही, सैल तारही वाजत नाही. दमलेल्याला आणखी पळ म्हणणारा धम्म हा नव्हे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मागच्या जन्माच्या कर्मावर आजचे दारिद्र्य टाकण्याची वाट बंद केली. दारिद्र्याला माणसांची व्यवस्था जबाबदार असेल, तर प्रयत्नही त्या व्यवस्थेवर चालला पाहिजे आणि तो एकट्याने करायचा नसतो.

यासाठी बुद्धाने माणसे जोडण्याची चार साधने सांगितली. दान, गोड बोलणे, दुसऱ्याच्या हिताचे काम आणि समानात्मता. चौथे मला सर्वांत कठीण वाटते. समोरच्याच्या पातळीवर येऊन बसायचे. व्यासपीठावरून ते जमत नाही. मोरे ज्या लोकांना तळ्यावर या म्हणत होते, ते स्वतः त्याच लोकांतले होते. चित्रे आणि टिपणीस त्यांच्यातले नव्हते, पण त्यांनी आपल्या जातभाईंचा रोष पत्करला आणि त्या मांडवात बसले. आनंद एकदा बुद्धाला म्हणाला की कल्याणमित्र मिळणे म्हणजे निम्मे धर्मजीवन. बुद्ध म्हणाला, निम्मे कसे, तेच सगळे. मला वाटते, महाडचा सत्याग्रह कल्याणमित्रांनी उभा केला. त्यातले बरेच पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेले. मोरे कम्युनिस्ट झाले आणि आयुष्यभर कामगारांत राहिले. तरी त्यांना बाजूला ठेवून मला धम्मातल्या वीर्याचे उदाहरण देता येत नाही.

आणि आज? महाड-पोलादपूरच्या डोंगराकडच्या वाड्यांत बौद्धवाडी आहे, तिच्यात विहार आहे. तो बहुतेक ठिकाणी मुंबईच्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभा राहिलेला असतो. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो, म्हणजे ऐन लावणीत. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाया रात्री आठ-साडेआठला डोक्यावर इरले किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन विहारात येतात. त्रिसरण, पंचशील होते. मग एक जण ग्रंथ वाचतो. वाचणारा कधी नववीतला मुलगा असतो, जोडाक्षरावर अडखळतो, आणि मागे बसलेली आजी, जिला अक्षर येत नाही, ती ऐकून ऐकून पाठ झालेला शब्द त्याला पुरवते. महामार्गालगतच्या गांधारपाले लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू पावसाळ्यात थांबत. कुमार कानभोज विष्णुपालिताचे नाव तिथल्या शिलालेखात आहे. कातळ फोडणाऱ्यांची नावे नाहीत. त्या लेण्यांचा वारसा कुणाकडे आहे असे मला विचारले तर मी त्या अडखळणाऱ्या मुलाकडे आणि त्या आजीकडे बोट दाखवीन.

पण आश्विनी पौर्णिमेला वर्षावास संपतो, समारोपाला भोजनदान होते, चाकरमानी परततात आणि पुष्कळ विहारांना कुलूप लागते. पुढे ते उघडते ते जयंतीला, जलदान विधीला किंवा एखाद्या लग्नाला. वर्गणी जमते, पण तिच्यातला मोठा वाटा बॅनर, मंडप, आवाजाच्या भिंती आणि शाली-श्रीफळांवर जातो. पाहुण्यांचे सत्कार तासभर चालतात आणि दहावीत गणितात नापास झालेल्या पोराकडे जून महिन्यात कुणी जात नाही. मी हे बाहेरून बोट दाखवत म्हणत नाही, आपल्या सगळ्यांविषयी म्हणतो. काही जण सांगतात की धम्म आत आहे, डोळे मिटून बसा. काही सांगतात, धम्म रस्त्यावर आहे, मोर्चाला चला. दोघांचेही खरे आहे आणि दोघेही त्या पोराच्या घरी गेलेले नाहीत.

पोलादपूर तालुक्यात पाऊस कोसळतो आणि तरी उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. उतारावरून पाणी धावत सावित्रीला मिळते आणि खाडीत जाते. चवदार तळ्याच्या तालुक्यात आणि त्याच्या शेजारच्या तालुक्यात बायका आजही हंड्यासाठी रांगेत उभ्या आहेत. प्रश्न आता शिवाशिवीचा कमी आणि सोयीचा जास्त झाला आहे, पण तहान तीच आहे. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसे गाडली गेली, महाड शहर पुराखाली गेले. नंतर बाजारपेठेतला चिखल उपसायला बाहेरच्या शहरांतून सफाई कामगार आले, संस्था आल्या, तरुण आले. बरेच जण कुणाच्या बोलावण्याची वाट न पाहता आले. त्या दिवसांत कुणी कुणाची जात विचारून फावडे हातात घेतले नाही. संकटात आपण हे करू शकतो. प्रश्न साध्या दिवसांचा आहे, जेव्हा कॅमेरा नसतो आणि कामाला घाई नसते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओढ्याला पाणी असते. रिकाम्या सिमेंटच्या गोण्या, वाळू-माती, वीस-पंचवीस माणसे आणि एक रविवार एवढ्यात वनराई बंधारा होतो. जवळच्या विहिरीला त्याचे पाणी पुढे काही आठवडे पुरते. दरवर्षी तो पुन्हा घालावा लागतो, कारण पावसात वाहून जातो. वर्षावासाचा समारोप आणि बंधाऱ्याचा हंगाम लागोपाठ येतात. मुंबईचे मंडळ समारोपाला गावी येतेच. भोजनदान झाल्यावर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परतण्याऐवजी एक दिवस थांबावे, वाडीतल्या माणसांबरोबर गोण्या भराव्यात, शेजारच्या मराठावाडीला आणि आदिवासीवाडीलाही बोलवावे. विहाराचे कुलूप आठवड्यातून तीन संध्याकाळी काढावे आणि एखाद्या पदवीधर ताईने तिथे मुलांचा गणिताचा अभ्यास घ्यावा. तिला महिन्याला काही मानधन द्यावे, बॅनरच्या खर्चातून ते सहज निघते. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

येत्या २० मार्चला तुम्ही महाडला जाल. तळ्याला वंदन कराल, क्रांतिस्तंभाशी उभे राहाल. जरूर जा. पण त्याआधी तुमच्या गटातल्या दोन माणसांशी बोलून ठेवा की या पावसाळ्यानंतर कोणत्या वाडीत बंधारा घालायचा आणि कोणत्या विहारात वर्ग सुरू करायचा. पहिल्या बैठकीला कुणी येणार नाही. दुसरी घ्या. ज्याला यायला जमत नाही त्याची अडचण काय आहे, ते त्याच्या घरी जाऊन विचारा.